हवेची बाणगन आणि आमची राखण

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात आमचं खानापूर, त्याच्या वरच्या अंगाच्या, जांबोटीकडच्या एका पोरानं मला विचारलंय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं, की काका, मोबाईलवर अमेरिकेतली हवेवर चालणारी बाणगन बघितली, दारू नाही, काडतूस नाही, आवाज नाही, एका बाणात डुक्कर आडवं, आणि हवेची आहे म्हटल्यावर लायसन लागत नाही म्हणून पोरं सांगालेत, आमच्या रताळ्याचं नुकसान तर दरवर्षी ठरलेलं, मग असली गन शिकारीला चालवून द्यायला काय हरकत आहे, आणि मी एक मागवली तर चालेल काय.

मागवू नकोस. हे पहिलं सांगतो, कारण खालचं सगळं वाचायला वेळ लागणार आणि तेवढ्यात तू पैसे भरून बसशील. पण नुसतं नको म्हणून सोडणार नाही, कारण तुझा प्रश्न खरा आहे आणि तुझं नुकसानपण खरं आहे, मी ते डोळ्यांनी बघतोय. मी अठ्ठावीस वर्षं बेळगावात पोरांना एअर रायफल शिकवतो, सील बदलणं, व्हॉल्व उघडणं, टाकी तपासणं हे माझ्या हातचं काम आहे, आणि आमचं घर त्याच पट्ट्यात, थोरला भाऊ अजून तिथं भात, रताळी आणि थोडा ऊस करतो. वडिलांकडं पीक राखायच्या लायसनची ठासणीची बंदूक होती. म्हणून दोन्ही बाजू मला माहीत आहेत, गनची पण आणि बांधाची पण.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घे. साध्या एअर रायफलमध्ये छर्रा नळीच्या आत बसतो. इथं उलटं आहे, बाण आतून पोकळ असतो आणि गनला पुढं एक बारीक नळी असते, तिच्यावर बाण पायात मोजा चढवावा तसा सरकवून बसवायचा. खाली हवेची टाकी, तिच्यात सुमारे ३००० पीएसआय दाब. मोटरसायकलच्या चाकात आपण तीसच्या आसपास मारतो, म्हणजे हे त्याच्या शंभरपट. घोडा ओढला की व्हॉल्व क्षणभर उघडतो, हवा त्या बारीक नळीतून बाणाच्या पोटात शिरते आणि पार टोकाजवळ जाऊन धक्का देते, त्यामुळं बाण मागून ढकलल्यासारखा नाही तर पुढून ओढल्यासारखा सरळ निघतो. २०१६ मध्ये बेंजामिन पायोनियर नावाची गन आली तेव्हापासून ह्याचा बोलबाला झाला, नंतर युमारेक्सची एअरसेबर आली. पायोनियरचा आकडा कंपनीनं दिलेला असा, की साधारण २४ ग्रॅमचा बाण सेकंदाला १३७ मीटरच्या वेगानं जातो आणि एकदा टाकी भरली की आठ बाण मारता येतात. हिशेब केला तर ही ताकद सुमारे २२८ जूल होते. मी पोरांना शिकवतो ती दहा मीटरची मॅच रायफल सात-आठ जूलची असते. तेव्हा 'हवेची गन' हे नाव एकच असलं तरी दोन्हीत फरक आहे, मांजर आणि बिबट्या ह्यांच्यात असतो तसा.

आता लायसनचं. पोरं जे सांगालेत ते अर्धं ऐकून सांगालेत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं भोक) किंवा २० जूलपेक्षा जास्त ताकदीची हवेची बंदूक लायसनमध्ये येते. दुकानात आधारकार्ड दाखवून मिळते ती त्याच्या खालची. बाणगन त्या मर्यादेच्या दहापटीच्या पुढं आहे. आणि कोण शहाणा म्हणाला की ही बंदूकच नाही, धनुष्य आहे, तर १९५९ चा शस्त्र कायदा काढून बघ, त्यात बंदुकीची व्याख्याच अशी केलेली आहे की स्फोटकानं किंवा 'इतर कोणत्याही ऊर्जेनं' काहीही फेकणारं शस्त्र. हवा त्यात आली. अमेरिकेत केंद्राच्या कायद्यात व्याख्या फक्त स्फोटकापुरती आहे, म्हणून तिथं ही गन कुरियरनं घरी येते, आणि तो व्हिडिओ बघून आपली पोरं समजतात की इथंपण तसंच. डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, त्यांच्या ऑफिसात लायसनच्या फाईली कशा सरकतात हे ज्यानं बघितलंय त्याला ह्याच्या पुढं सांगायची गरज नाही.

आणि हे झालं नुसतं जवळ बाळगायचं. शिकारीचं तर आणखी सरळ आहे. आपल्याकडं शिकार करायला हत्यार कुठलं चालेल हा प्रश्नच राहिलेला नाही, कारण शिकारच बंद आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा, त्यात १९९१ ची दुरुस्ती, तिथून खेळ म्हणून, मांसासाठी, हौसेखातर, कशासाठीही लायसन काढून शिकार करायची सोय संपली. आणि शिकार ह्या शब्दात नुसतं मारणं येत नाही, फास लावणं, विष घालणं, हाकारा करून हुसकावणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं येतं. म्हणजे बाण चुकला तरी केस होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी २०२३ च्या १ एप्रिलपासून लागू झाली, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यानं राखलेल्या जनावरांच्या यादीत आहे. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता, ज्यानं मारलं ते हत्यार आणि ज्या गाडीतून नेलं ती गाडीपण. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत पाय पडला असेल तर शिक्षा तीन वर्षांच्या खाली येतच नाही.

पण एक मानतो. कायदा नाही म्हणतो म्हणून नको, एवढ्यावर तुझं समाधान होऊ नये. कायदा उद्या बदलू शकतो. तेव्हा समजा परवानगी द्यायचीच ठरली, तर ही वस्तू त्या लायकीची आहे काय, ते बघू.

माझा भाचा टेक्सासला असतो. २०१९ च्या दिवाळीनंतर मी तिकडं महिनाभर होतो आणि त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानावर ही गन मी हातात घेऊन बघितली, पेंढ्याच्या गठ्ठ्यावर दोन दिवस मारून बघितली, आणि त्यांनी डुकरं मारली तेव्हा शेजारी बसलो. तिथं ते पूर्ण कायदेशीर आहे. गन म्हणून मला आवडली, हे लपवत नाही. तीस मीटरवर बाणाशेजारी बाण बसतो, खांद्याला झटका नाही, सत्तरीचा माणूससुद्धा दोन बोटांनी ओढून तयार करतो.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक मध्यम नर डुक्कर मक्याच्या दाण्यावर आला, अंतर पस्तीस मीटर. गनचा आवाज फट्ट असा, टायरचा व्हॉल्व सुटल्यासारखा. बाण आरपार गेला आणि पलीकडं मातीत रुतलेला मला दिसला, त्याची पिसं लाल झालेली. आणि डुक्कर? त्यानं मान वर केली, दोन पावलं टाकली, परत खाली तोंड घातलं, आणि मग काहीतरी झालंय हे त्याला कळलं आणि ते झाडीत पळालं. गोळी लागलेलं जनावर मी लहानपणी बघितलेलं, ते बसल्याजागी हलतं, वाकतं. बाणाचं तसं नसतं. गोळी आतलं फाडते, धक्का देते, बाण नुसता कापतो. टोकाला दोन-तीन धारदार पाती असतात, ब्रॉडहेड म्हणतात त्याला, ती शिर कापतात आणि जनावर रक्त जाऊन मरतं. फुफ्फुसात बसला तर दहा-पंधरा सेकंदात संपतं, पण त्या दहा-पंधरा सेकंदात ते शंभर मीटर पळालेलं असतं.

म्हणून नियम असा की बाण लागला की उठायचं नाही. अर्धा तास गप्प बसायचं. मग रक्त बघत जायचं, आणि रक्त बघणं ही एक विद्या आहे. फिकं लाल, बुडबुडे असलेलं म्हणजे फुफ्फुस, जवळच पडलेलं सापडणार. काळपट म्हणजे यकृत, चार तास थांबा. आणि पानावर हिरवट पाणी आणि घाण वास असला म्हणजे पोट, तेव्हा सकाळपर्यंत थांबा, आणि ते जनावर रात्रभर कुठंतरी झुडपात पडून मरालंय हे माहीत असताना तुम्ही घरी जाऊन जेवा. डुकराचं आणखी एक आहे, त्याची चरबी जखमेच्या तोंडावर येऊन बसते आणि बाहेर रक्तच येत नाही. पहिलं डुक्कर आम्हाला साठ मीटरवर सापडलं. दुसऱ्या दिवशीचं, दुसऱ्या माणसानं मारलेलं, ते पोटात लागलं होतं. आम्ही चौघं बॅटऱ्या घेऊन रात्री अकरापर्यंत हिंडलो, एका दगडावर हिरवट डाग आणि तीन केस एवढंच मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आकाशात गिधाडं फिरायला लागली तेव्हा कळलं कुठं आहे ते. ती माणसं तीस-तीस वर्षं शिकार करणारी होती, रान सपाट होतं, उजेड होता, अंतर यंत्रानं मोजलेलं होतं.

आता हेच आपल्याकडं आण. रात्र, पाऊस, बांधाला करवंदाची जाळी, वर कारवी माजलेली. बाणाला काडी लागली तरी तो फिरतो. अंतर कोण मोजणार, बॅटरीच्या उजेडात तीस मीटर आणि चाळीस मीटर सारखंच दिसतं. बाण तसा हळू आहे, आवाजाच्या निम्म्याहून कमी वेगाचा, त्यामुळं तो खाली पडत जातो. तीसला जुळवलेली गन चाळीसवर मारली तर साधारण चार इंच खाली लागते. डुकराचं काळीज आधीच खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतं, तिथून चार इंच खाली म्हणजे पाय, किंवा नुसतं कातडं. आणि चाळीस मीटर जायला बाणाला साधारण ०.३ सेकंद लागतात, पण गनचा फट्ट आवाज तिथं ०.१२ सेकंदात पोचतो. म्हणजे बाण यायच्या आधी जनावराला खबर लागलेली असते, आणि रानचं जनावर तेवढ्यात अंग चोरतं. म्हाताऱ्या नराच्या खांद्यावर कूर्चेची जाड ढाल असते ती वेगळीच. मग काय होणार सांग. अर्धा बाण अंगात घेऊन एक जखमी एकांडा डुक्कर तुझ्या शेताच्या वरच्या जाळीत बसलेला, आणि सकाळी सहाला कोणाची तरी आई तिथं गवत कापायला जाणार. डुकराच्या सुळ्यानं मांडी फाटलेली माणसं आमच्या भागात सगळ्यांनी बघितलेली आहेत, मला त्याचं जास्त वर्णन करायचं नाही.

टेक्सासबद्दल पण नीट समजून घे, कारण तो दाखला सगळे देतात. तिथं २०१८ च्या शेवटी हवेच्या गन आणि बाणगन हरणासारख्या जनावरांनासुद्धा चालतील असा निर्णय झाला, पण धनुष्यवाल्यांच्या खास हंगामात त्या चालत नाहीत. हे मला पटतं. धनुष्याला हंगाम वेगळा आणि आधी का देतात, तर ते ओढून धरायला ताकद लागते, वर्षाचा सराव लागतो, जवळ जावं लागतं, त्यामुळं जनावरं कमी मरतात. ही गन घोडा ओढून चालते, दुर्बीण बसते, बाण एका पाठोपाठ एक सुटतात, मग बाण उडाला म्हणून ती धनुष्य होत नाही. ज्या माणसाचा खांदा गेलाय, ज्याला धनुष्य ओढता येत नाही, त्याला ती वापरू द्या असं तिकडं म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं, पण ते एकेका माणसाला परवाना देऊन, सगळ्यांना मोकळीक देऊन नव्हे. जिथं हंगाम ठरलेला आहे, किती मारायचं ते ठरलेलं आहे, तपासायला माणूस आहे, मारलेलं जनावर सापडेपर्यंत शोधायचं ही रीत लोकांच्या अंगात मुरलेली आहे, तिथं बंदुकीच्या हंगामात ही गन असायला माझी हरकत नाही. आणि तिथलं डुक्कर तिथलं नाही, युरोपी लोकांनी बाहेरून नेलेलं, सुटून रानटी झालेलं, त्याला खायला तिथं वाघ नाही. आपलं डुक्कर इथलंच आहे, काळी नदी, दांडेली, भीमगड ह्या पट्ट्यात वाघ, बिबट्या आणि रानकुत्री त्याच्यावर जगतात. रानातलं डुक्कर गुपचूप संपवलं तर बिबट्या गोठ्यात येणार, ही साखळी कोणी पुस्तकातून सांगायला नको.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते सांगतो. आवाज.

तुला ह्या गनचं सगळ्यात काय आवडलं? आवाज नाही ते. मला सगळ्यात तेच खुपतं. मी लहान असताना सुगीच्या दिवसांत वडिलांबरोबर जागलीला जात होतो. माळ्यावर गोणपाट, खाली शेकोटी, आणि बंदूक ठासून ठेवलेली. ठासणं म्हणजे आधी दारू, मग काथ्याचा बोळा, गजानं ठोकायचं, मग छर्रे. पण वडील बहुतेक वेळा छर्रे घालतच नव्हते. नुसता दारूचा बार काढायचे, आभाळाकडं नळी करून. धाड्! आणि तो आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा, आणि खाली शिवारात पळणाऱ्या खुरांचा आवाज, आणि मग पलीकडच्या माळ्यावरून कोणीतरी ओरडायचं, आलं काय गा तुझ्याकडं? असा एक बार निघाला की दहा घरांची रताळी त्या रात्री राखली जायची. वर्षातून एखादं डुक्कर मारलं असेल नसेल, पण शेत राखलं जायचं. आजपण कायद्यात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख वेगळा आहे, शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात, आणि मला वाटतं ज्यानं तो लिहिला त्याला राखण म्हणजे काय ते माहीत होतं.

बाणगननं काय होईल? कळपात बारा डुकरं. तू एकाला बाण मारलास, ते पळून जाळीत मेलं. बाकीच्या अकरांना कळलंच नाही काय झालं ते, ती दहा मिनिटांनी परत तुझ्याच सरीत. उद्या परत. डुक्कर शहाणं जनावर आहे, ते माणसाच्या आवाजाला, उजेडाला, दारूच्या वासाला भिऊन जागा सोडतं, शेजारचा भाऊ गुपचूप मेला म्हणून सोडत नाही. म्हणजे राखणीला आवाज पाहिजे, आणि शांतता कोणाला पाहिजे? ज्याला मटण पाहिजे त्याला. तू रताळ्यासाठी विचारालास हे मला माहीत आहे आणि मी तुझ्यावर शंका घेत नाही, पण तुझ्यामागून जे चारजण ही गन मागतील त्यांच्याकडं रताळ्याची एक सरीसुद्धा नसणार. ते रविवारी बेळगावातून गाडी घेऊन येणार, कणकुंबीच्या अंगाला, चोर्ल्याच्या रस्त्याला, आणि डुक्कर नाही मिळालं तर भेकर, भेकर नाही तर मोर.

आजवर रानाला थोडी राखण होती ती बंदुकीच्या आवाजाची. रात्री बार झाला की गावात कळायचं, गार्डला कळायचं, सकाळी कुजबुज व्हायची कोणाच्या घरात काय शिजलं म्हणून. बिनआवाजाचं मारणं आपल्याकडं आधीच लई आहे, गाडीच्या क्लचवायरचा फास, कुंपणाला लाईट लाईनवरून टाकलेला आकडा. त्या आकड्याच्या तारेत डुकरापेक्षा माणसं मेलेली जास्त लक्षात राहतात, कारण अंधारात पाणी पाजायला निघालेला शेजारीच त्यात सापडतो. त्यात आणखी एक बिनआवाजाची वस्तू आपण कायद्यानं आत घ्यावी, ह्याला मी कधीच हो म्हणणार नाही. १९९१ च्या आधी शिकारीची लायसनं होती तेव्हाच्या कायद्यातसुद्धा फास नको, खड्डा नको, रात्री नको, बॅटरी लावून नको, पाणवठ्यावर नको, मोठ्या जनावराला रायफलच पाहिजे अशी कलमं होती. तेव्हाची माणसं स्वतः शिकार करणारी होती तरी त्यांनी हत्याराला लगाम घातला होता.

एक आणखी सांगायचंच आहे, कारण ह्या वर्षात दोघं माझ्याकडं ते घेऊन आले. बाहेरून येत नाही ना, मग इथंच करू. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथ आहेत, हायड्रॉलिकचं काम जाणणारे कारागीर आहेत, नळी वळवून द्या, व्हॉल्व तुम्ही बसवा म्हणून एकजण चित्र काढून घेऊन आला होता. मी त्याला बसवून चहा पाजला आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोटो दाखवला. त्या पोरानं वेल्डिंगच्या पाईपची टाकी केली होती, शिवण असलेली, आणि कॉम्प्रेसरचं तेल हवेबरोबर आत गेलेलं. एवढ्या दाबाखाली तेलाची वाफ डिझेल इंजिनात पेटते तशीच पेटते. टाकी शिवणीवर उघडली. डाव्या हाताची दोन बोटं गेली, बरं त्यावर निभावलं, तोंड बाजूला होतं म्हणून. आज तो पोरगा चांगला फिटर आहे, पण माझ्याकडं यायचा बंद झाला, आणि मला अजून वाटतं की मी त्याला व्हॉल्व शिकवला तेव्हाच टाकीबद्दल जास्त बोलायला पाहिजे होतं. आणि नुसता जीवाचा धोका नाही, विनापरवाना बंदूक बनवणं ह्याला शस्त्र कायद्यात सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. रताळ्याच्या एका पिकासाठी एवढं कोण करतं रे.

मग डुकरांचं काय, हे तू विचारणारच, आणि विचारायला पाहिजेसच. मारणं हा शेवटचा उपाय कायद्यात आहे. पिकाला किंवा माणसाला धोका असेल तर कलम ११ खाली वनखात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, कारण लिहून. जीव वाचवताना चांगल्या हेतूनं मारलं तर तो गुन्हा होत नाही. केरळनं २०२२ मध्ये डुकरापुरता हा अधिकार पंचायतींच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला, बिहार आणि उत्तराखंडमध्ये केंद्रानं काही काळासाठी डुकराला उपद्रवी ठरवलं होतं. आपल्याकडंपण परवानगी पटकन मिळावी ही मागणी रास्त आहे आणि त्यासाठी गावानं मिळून जायला पाहिजे, एकट्यादुकट्यानं नव्हे. पण परवानगी मिळाली तर काम लायसनवाल्या, हात बसलेल्या माणसानं, बाराबोरमध्ये एक गोळीचं काडतूस किंवा रायफल घेऊन, खात्याचा माणूस शेजारी उभा असताना करायचं. जनावर तिथल्या तिथं पडलं पाहिजे आणि बार सगळ्या शिवाराला ऐकू गेला पाहिजे. आणि चंदगडचे पाहुणे म्हणतात आमच्याकडं परवानगी मिळते, तर मिळत असेल, पण महाराष्ट्राचा कागद महाराष्ट्रातच चालतो. बांध ओलांडून डुक्कर इकडं आलं की तो कागद संपला. आमच्या भागात शेत एका राज्यात आणि सोयरे दुसऱ्या राज्यात, त्यामुळं ही चूक लई होते.

नुकसानभरपाईचा अर्ज सोडू नकोस. ई-परिहार ह्या सरकारी ऑनलाईन सोयीवर भरायचा, आरटीसीचा (इकडचा सातबारा) उतारा, आधार, बँकेचं पासबुक आणि उकरलेल्या सरीचे फोटो, त्याच दिवशीचे, खुरांचे ठसे दिसतील असे. फॉर्म कन्नडमध्ये असतो म्हणून आमची म्हातारी माणसं जातच नाहीत, हे मला फार लागतं, नुकसान मराठीत झालं म्हणून भरपाई कमी होत नाही. तुला कन्नड वाचता येतं ना, मग तुझा भरताना शेजारच्या चौघांचापण भर. पैसे थोडे येतात, उशिरा येतात, पण अर्ज गेले तरच ह्या भागात डुकरांचा त्रास आहे हे कागदावर दिसतं, आणि कागदावर दिसलं तरच उद्या परवानगीची मागणी उभी राहते.

आणि कुंपण. भावानं गेल्या तीन वर्षांत जे केलंय ते सांगतो. सोलरचं झटका मशीन, सेकंदाला एक बारीक झटका देणारं, लाईट लाईनचा करंट नव्हे. ह्यात जनावर दचकून मागं जातं, मरत नाही, माणूसपण मरत नाही. डुकरासाठी खालची तार महत्त्वाची, जमिनीपासून पाऊण फूट, तिच्यावर दुसरी दीड फुटावर, कारण डुक्कर वरून उडी मारत नाही, नाक खाली घालून घुसतं, आणि नाकालाच झटका बसला पाहिजे. लोक काय करतात, गव्यासाठी लावतात तशी कमरेएवढ्या उंचीवर एक तार लावतात आणि मग म्हणतात मशीन बेकार आहे. दुसरं, तारेखालचं गवत. पावसात आठ दिवसांत वाढतं आणि तारेला टेकलं की सगळा झटका जमिनीत जातो. भाऊ दर रविवारी खुरपं घेऊन फिरतो, ज्या रविवारी फिरला नाही त्या आठवड्यात डुकरं आत आली, दोनदा असं झालंय. तिसरं, अर्थिंगचा गज नीट खोल, ओल्या जागी. आणि एकट्यानं लावलं तर कळप शेजारच्यात जातो आणि भांडणं होतात, म्हणून त्यांनी सहा शेतं मिळून एकच फेरा केला, मशीनचा खर्च वाटून घेतला आणि रात्रीची पाळी लावली. पाळीवाल्याकडं डबा आणि काठी. वाजवायचं, लई वाजवायचं.

मी येत्या रविवारी भावाकडं येतोय. तुझं शेत ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं ते कळव, आणि वरच्या बाजूनं किती मीटर तार लागेल ते पावलांनी मोजून ठेव, मशीन किती ताकदीचं घ्यायचं ते त्याच्यावर ठरतं. शेजारी कोण-कोण तयार आहेत ते आधी विचारून ठेव, माझ्यासमोर विचारलंस तर लाजेखातर हो म्हणतील आणि पैसे द्यायच्या वेळी गायब होतील.